दाजी आणि डब्यातला पंखा

आवाज नसलेली खोली या पृथ्वीवर असू शकते आणि ती आपल्या घरातच तयार करता येते, असं मानणारा माझ्या माहितीतला एकमेव माणूस म्हणजे माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ही श्रद्धा त्यांनी एखाद्या डोंगरावर बसून बाळगली असती तर मी समजून घेतलं असतं. पण ते राहतात पूर्णेत, रेल्वेच्या यार्डाला लागून. नोकरीही सगळी मालगाडीचे गार्ड म्हणून झाली. चाकांच्या धडधडीत जेवले, धडधडीतच झोपले. आजही घरासमोर डबे एकमेकांवर आदळतात तेव्हा बशीतला चहा हिंदकळतो. दाजी बशी सावरतात, मान वर करत नाहीत. मी एकदा विचारलं, "दाजी, या गाड्यांचा त्रास होत नाही का हो?" त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "गाडीचा कसला आवाज, मेव्हणीबाई? गाडी म्हणजे टाइम हाय." त्यांचं वैर जगात एकाच आवाजाशी होतं. टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्यात फिरणाऱ्या, तळहाताएवढ्या पंख्याच्या आवाजाशी.

हा कॉम्प्युटर त्यांनी निवृत्तीनंतर परभणीतल्या एका बंद पडलेल्या नेट कॅफेतून आणला. हेतू चांगला होता. समाजातल्या मुलामुलींचे लग्नाचे बायोडाटे ते टाइप करून देत, तेही फुकट. कॉम्प्युटर ठेवला आतल्या खोलीत. ती खोली जाड भिंतींची, एका खिडकीची. माझी बहीण, आमची आक्का, तिथे सकाळी वंदना म्हणायची. घरातली सगळ्यात शांत जागा तीच, आणि तिथेच घात झाला. बाहेरच्या खोलीत तो पंखा कुणाला ऐकूही आला नसता. आत मात्र दाजी 'मुलगी मनमिळाऊ व सुस्वभावी' इथपर्यंत टाइप करत, मग चष्मा काढत आणि बोट वर करत. "ऐका. यायलाय का?" आपण म्हणावं, नाही. "नीट ऐका." मे महिन्यात नीट ऐकण्यासाठी छताचा पंखा बंद करावा लागे. मग मुलीचे वडील, मामा आणि मी घामाने निथळत बसून घर्र असा एक बारीक आवाज ऐकत असू. तो ऐकू आला असं सर्वांनी कबूल केल्याशिवाय छताचा पंखा सुरू होत नसे.

त्या आवाजाचं दाजींचं निदान रेल्वेच्या भाषेत चाले. पितळी पेला डब्याला लावायचा, त्याला कान लावायचा आणि सांगायचं, "आता चढ लागला." "आता साइडिंगला थांबली." "आता लय धापा टाकायलीय, लोड जास्त झाला." उपचारही कमी केले नाहीत. सायकलच्या पंपाने धूळ उडवली. ती सगळी आक्काच्या वाळत घातलेल्या शेवयांवर बसली. शिलाई मशीनचं तेल सोडलं. जुन्या चपलेच्या रबराचे चार तुकडे कापून डब्याच्या पायांना चिकटवले. थंडीत तर डब्याभोवती चक्क गोधडी गुंडाळली. दोन दिवस शांतता होती आणि दाजी विजयी वीरासारखे हिंडत होते. तिसऱ्या दिवशी डबा आतून तापून बंद पडला. जाताना ताडकळसच्या एका इंजिनिअर मुलाचं शिक्षण, उंची आणि अपेक्षा घेऊन गेला. त्याच्या वडिलांना दाजी म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, थांबा जरा. मशीन आजारी हाय."

डबा निवून पुन्हा सुरू झाला, तेव्हा तो स्वयंपाकघरात गेला. वायरी खिडकीतून आत घेतल्या, स्क्रीन आणि कीबोर्ड खोलीत राहिले. आता आवाज आक्काला येऊ लागला. पण तिला चालतं, असं दाजींनी परस्पर ठरवलं होतं. पंख्याने पीठ ओढलं. आठवडाभराने पात्यांवर असा थर बसला की आवाज घर्रचा खर्र झाला. आक्का भाकरी थापता थापता म्हणाली, "आजून थोडं पाणी घाला, मी थापून देते त्याला." हे ऐकून हसू न आलेला घरात एकच माणूस होता.

शेवटी ते डबा मांडीवर घेऊन पॅसेंजरने परभणीला, माझ्याकडे आले. तापाचं लेकरू दवाखान्यात न्यावं तसे, वरून पंचा पांघरून. पिंगळीला चढलेल्या एका बाईने पंचा उचलून विचारलं म्हणे, "टीव्ही हाय का, भाऊ?" दाजी म्हणाले, "न्हाई बाई, दुखणं हाय." उतरून आधी दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने डबा लावला, ऐकला आणि म्हणाला, "काका, पंखाय. आवाज तर येणारच ना." दाजी तिथून उठले ते थेट माझ्या घरी येऊन जेवण न करता बसले. मी एका शाळेत मुख्य लिपिक आहे. कामं लिहून काढायची, क्रम लावायचा, झालं की रेघ मारायची, ही माझी सवय. मी तिथल्या तिथे मांडणी करून दिली. नवा पंखा घ्या. नाही तर नवा कॉम्प्युटर घ्या. नाही तर आवाजासकट राहा. दाजींनी तो कागद वाचला, नीट घडी घातली आणि ती घडी डब्याच्या एका पायाखाली सरकवली. "हितं जरा हलत होता," ते म्हणाले.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. मग आक्काचा आवाज बसला.

आक्का ताडकळसच्या शाळेत मास्तरीण होती. तिच्या आवाजाला माइक लागत नसे. प्रार्थना तिने सुरू केली की बाजाराच्या दिवशी रस्त्यावरची माणसंही चालता चालता गप्प होत. आमची आई कापूस वेचताना जी गाणी म्हणायची ती सगळी आक्काच्या गळ्यात राहिली होती. माझ्याकडे त्यातलं एकही नाही. माझा गळा लहानपणापासून हजेरी घेण्याच्या लायकीचा. आवाज बसला तेव्हा आम्ही हळद-दूध केलं, ज्येष्ठमध केलं, हवा बदलली म्हणून दुर्लक्षही केलं. नांदेडच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि बाहेर येऊन सरळ सांगितलं की गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. बाई वाचतील, बोलणार नाहीत. ऑपरेशन पुढच्या सोमवारी. तोवर बोलणं जपून वापरा.

मी यादी केली. रिपोर्ट, आधार कार्डाच्या प्रती, रक्त कोण देणार, जेवणाचा डबा कोण नेणार. शेवटची ओळ दाजींनी सांगितली, "हिचा आवाज भरून ठेवायचा." मी लगेच पर्समधून मोबाइल काढला. म्हटलं, "आत्ताच करू." दाजी भडकले. "मोबाइलवर? माणसाचा आवाज मोबाइलवर ठेवायचा असतो का? परवा माझा मोबाइल वरणात पडला. हे काम आतल्या खोलीत होईल. कॉम्प्युटरवर. माइक लावून. एकदम खामोश."

त्या आठवड्याइतकी हताश मी आयुष्यात झाले नाही. सगळी कामं पुढे सरकत होती, हे एक सोडून. रोज दुपारी मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकून पूर्णेला यायची. रोज दुपारी आतल्या खोलीत खिडकी बंद, छताचा पंखा बंद, आक्का खुर्चीत, दाजी टेबलाशी. "बोल काही तरी." आक्का म्हणायची, "हॅलो." दाजी कानाला हेडफोन लावून ऐकायचे आणि मान हलवायचे. "पंखा यायलाय." डबा उचलून कपाटात. "परत बोल." "हॅलो." "यायलाय." डबा कपाटातून पलंगाखाली. तिच्याजवळ मोजकं बोलणं उरलं होतं आणि ते सगळं हॅलोमध्ये चाललं होतं. रोज आवाज आदल्या दिवसापेक्षा चिरका. मी म्हणायची, "दाजी, पाया पडते, आवाजासकट भरा." ते ऐकतच नव्हते. त्यांच्या कानात हेडफोन होते.

एकदा ते चहा आणायला उठले तेव्हा मी गुपचूप मोबाइल आक्कासमोर धरला. तिने तो हाताने खाली केला.

"त्यांना करू दे," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"अगं, त्यांच्याच्यानं होणार नाही. रविवार येईल."

"न होऊ दे. पंखा न्हाई तर काय करतील ते? माझ्या तोंडाकडंच बघत बसतील दिवसभर. मला न्हाई सोसायचं ते."

मी मोबाइल पर्समध्ये टाकला. अशा बोलण्यापुढे कुठली यादी चालते?

रविवार आला. पिशव्या भरून दारात, उद्या पहाटेची गाडी. दुपारी दाजी खराट्याची एक काडी घेऊन आतल्या खोलीत आले. चेहरा ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरचा. डब्याचं झाकण आधीच काढलेलं होतं. मला म्हणाले, "थांबवतोच त्याला. तापंल मशीन. तापू दे. तापून बंद पडायच्या आत हिनं म्हणायचं." काडी पात्यांमध्ये घातली. खट् झालं आणि पंखा थांबला.

त्या खोलीत खरोखर शांतता पसरली. इतकी की आक्काच्या बांगडीचा आवाज आला. दाजींनी एक हात डब्याच्या अंगावर ठेवला, ताप बघावा तसा, आणि दुसऱ्याने तिला खूण केली. आक्काने डोळे मिटले. आवाज चिरका होता, पण सूर जिथे लागायचा तिथेच लागला.

*पांढरं फुललं रान, ओटीत चांदणं माईना,*
*सांगा माझ्या भावाला, वाट सरता सरंना.*

आणि दुसऱ्या ओळीला यार्डात मालगाडी सुटली. आधी लांबलचक भोंगा, मग डबे, एकामागून एक, खिडकीच्या काचा थरथरवत. मी उठले, दोन्ही हात हलवले, थांबा म्हणून खुणा केल्या. दाजींना वाटलं मी दाद देतेय. त्यांनीही डोलत मान हलवली. आक्का गातच होती. तिने डोळेसुद्धा उघडले नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या दोघांना ती गाडी ऐकूच येत नाहीये. सगळा संसार त्या आवाजात झालेला. तो त्यांच्या लेखी आवाजच नव्हता. खोलीत गाडी ऐकणारी मी एकटी होते.

आक्काचं गाणं संपलं, तिला खोकला आला. दाजींनी काडी काढली आणि डबा धापा टाकायला लागला. त्यांनी हेडफोन लावला, डोळे मिटून ऐकलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. आता कळेल, आता कळेल. त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते.

"काहीच न्हाई," ते म्हणाले. "फक्त ही. बगा तुमी."

मी हेडफोन लावला. पहिली ओळ होती, मग भोंगा, मग डबेच डबे आणि त्यांच्या फटीफटीतून माझी बहीण.

"कसं हाय?"

"स्वच्छ आहे," मी म्हणाले.

ऑपरेशन चांगलं झालं. महिन्याभराने मी पूर्णेला गेले तेव्हा आक्का गळ्याभोवती मऊ पंचा गुंडाळून खुर्चीत बसली होती. हाताशी पाटी. अक्षर अजून मास्तरणीचं, वळणदार. घरातल्या सूचना पाटीवरून येत, आणि पूर्वीपेक्षा जास्त येत. दाजी बायोडाटा अर्धा टाकून तिच्या पाटीकडे धावत. मी आल्याचं निमित्त करून त्यांनी आक्काला पहिल्यांदाच ते गाणं लावून ऐकवलं. आतापर्यंत धीर झाला नव्हता.

आक्काने कान देऊन ऐकलं. कपाळाला आठी पडली. तिने पाटी घेतली आणि लिहिलं, 'ही बाई कोण?'

"अगं, तूच!" दाजी म्हणाले.

तिने ठामपणे मान हलवली. पाटी पुसून लिहिलं, 'माझा आवाज एवढा बारीक नव्हता.'

"तूच हायस! मी हितं होतो, ह्या होत्या. सांगा की हो तुमी."

आपला आवाज भरलेला ऐकला की तो आपलाच वाटत नाही, असं सगळ्यांचंच होतं, हे मी तिला समजावून सांगायला सुरुवात केली. ते ती ऐकून घेत होती असं नाही. पण दाजींनी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं होतं. आक्काने खडू खाली ठेवला. थोडा वेळ ती नुसतीच बसली, परक्या घरी कुणी तरी गात असताना बसावं तशी. मग तिचे ओठ हलायला लागले. एक शब्द मागे नाही, एक पुढे नाही.

दाजी टेबलाशी, तिच्याकडे पाठ करून उभे होते. वळून बघायची त्यांची हिंमत होत नव्हती. त्यांनी मला हळूच विचारलं, "म्हणायलीय का?"

"म्हणतेय," मी म्हणाले.