समुद्र किती परस?

माढा तालुक्यात जमिनीखालून वाहणारा एकही झरा असा नसेल, जो माझ्या घरमालकांना ओळखत नाही. मालक पाणाडे. उंबराची बेचकी दोन्ही हातांत धरून ते रानातून अनवाणी चालू लागले, की शेतकरी श्वास रोखून मागोमाग चालायचा आणि बेचकी जिथे वाकेल तिथे विहीर पाडायचा. मी शाळेत मास्तर म्हणून आलो आणि त्यांची खोली मागितली, तेव्हा माझं नाव-गाव विचारण्याआधी त्यांनी बेचकी घेऊन खोलीला फेरी मारली. "सर, ह्या कोपऱ्यात खाट टाकू नका. खालनं झरा जातोय." मी अर्थातच तिथेच खाट टाकली आणि आठ दिवसांत मला सर्दी झाली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक शिंकेचं श्रेय तो झरा घेत आला आहे.

जगातलं सगळं ते परसात मोजत. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. विहिरीच्या खोलीचं हे जुनं माप. शाळेची इमारत तीन परस, नव्या हेडमास्तरांचा ताठा पाच परस. एका दुपारी त्यांनी एकदम विचारलं, "सर, समुद्र किती परस असंल वो?" "सगळीकडे सारखा नसतो," मी म्हणालो. त्यांनी माझी आणि एकूणच शिक्षणखात्याची कीव केली.

त्या प्रश्नामागचं कारण मला पुढे कळलं. मालकीणबाई जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती एक लेक नर्स. नोकरीच्या गावी एका कोळ्याशी परस्पर लग्न करून ती समुद्रातल्या एका बेटावर राहायला गेली. "त्या घरात पाय ठेवनार न्हाय," असं मालक तेव्हा बोलून बसले. राग केव्हाच ओसरला, पण बोललेलं मागे कसं घ्यायचं ते काही सुचेना. मग "नावेत पोट ढवळतं माजं," असं सगळ्यांना सांगायला लागले. नावेत ते जन्मात बसले नव्हते.

अशात त्या बेटाला किनाऱ्याशी जोडणारा पूल बांधायला सुरुवात झाली. जावई भिडस्त. बोलत काही नसे, पण नवा खांब उभा राहिला की मोबाइलवर फोटो पाठवी. मालक थेट माझ्या वर्गाच्या खिडकीशी येऊन ओरडत, "सर, अकरावा आला!" कोण आला म्हणून सगळा वर्ग दाराकडे बघायचा. मग उरलेली दुपार ते ओसरीवर डोळे मिटून पडत. "झोपलात का?" म्हटलं तर म्हणत, "न्हाय वो, चालतोय. सातव्या खांबापाशी आलोय. वारा लई हाय हितं." सुट्टीच्या दिवशी मीही शेजारी पडायचो, आणि माढ्याच्या रखरखीत उन्हात खरोखर दोन्हीकडे निळं पाणी हलायला लागायचं. शेवटचा खांब झाला त्या दिवशी मात्र ते चालले नाहीत. "सर, आता काय कारन सांगू?" एवढंच म्हणाले.

पूल खुला झाल्यावर मी त्यांना बळंच गाडीत घातलं. पुलाच्या मध्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि कठडा धरून उभे राहिले. "तिला पयलं काय म्हनायचं, ते ठरू द्या." उरलेला पूल ते पायी चालले. मी मागून गाडी हळूहळू आणत होतो. पलीकडे लेक उभी होती. ठरवलेलं सगळं विसरून मालक म्हणाले, "लई वाळलीस की गं." ती रडता रडता हसली आणि मला उगाच गाडीची काच पुसावीशी वाटली.

संध्याकाळी दोघांनी परतायचं ठरलं होतं. मी एकटाच आलो. त्याला आता सहा महिने झाले. त्यांचं घर मीच उघडतो, मीच झाडतो. त्यांचा फोन येतो, "सर, या की. आता पूल हाय." येतो म्हणतो, पण कधी परीक्षा असते, कधी पेपर तपासायचे असतात. खरं सांगायचं तर, त्यांना तिथे सुखात बसलेलं एकदा डोळ्यांनी पाहिलं, की "मालक, चला आता घरी," असं म्हणायची सोयच मला उरणार नाही.