आईचा कोरडा आवाज

माझा थोरला भाऊ मातीच्या बाहुल्यांचे सिनेमे करायचा, त्या दिवसांत आमच्या घरात सडक्या केळ्यांचा वास असे. तो मला सोसत नसे. ऐंशीच्या दशकातली ही शेवटची वर्षं. आम्ही जळगावला राहत होतो. भावाने कुठून तरी जुना फिल्मचा कॅमेरा मिळवला होता. शाडूची बकरी टेबलावर केसभर सरकवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायची. फिल्म मुकी. आवाज टेपरेकॉर्डरवर वेगळे घ्यायचे आणि पडद्यावर चित्र सुरू झालं की टेपचं बटण दाबायचं.

बकरी चिखलातून चालते, तो आवाज त्याला हवा होता. खरा चिखल टेपवर नुसता खरखरला. मग फैजपूरहून आलेल्या घडातली काळी पडलेली केळी परातीत घेऊन तो माइकजवळ बोटांनी दाबू लागला. चिलटं उठत. परात हलली की वाजे, म्हणून ती धरून बसायचं काम माझं. मी ओकारी दाबून बसायची.

सिनेमातल्या म्हातारीचा आवाज आईचा. समोरच पिठाची गिरणी होती, त्यामुळे दुपारी वीज जायची वाट पाहावी लागे. गिरणी थांबली की भाऊ टेपरेकॉर्डरमध्ये सेल घाली आणि आईला पलंग व कपाटामधल्या फटीत बसवून तिच्याभोवती गोधड्या लावी. आवाज भिंतीवर आपटून परत येऊ नये म्हणून.

"कोंडीसन मारशी का रे माले?" आई आतून म्हणे. तिचं माहेर धुळ्याकडचं, बोली तिने कधी सोडली नाही.

"आई, घाम पुसू नको. पदराचा आवाज येतो."

"मंग दम बी नही लेऊ का?"

मग ती बकरीला हाक मारी, "आठे ये वं. कथा जास तू?" इकडे ये गं, कुठे चाललीस. तो आवाज अगदी कोरडा आला होता, कानाशी बसून बोलल्यासारखा. चुकून पुसला जाऊ नये म्हणून भावाने कॅसेटच्या पाठीवरची टिकली मोडून टाकली.

पुढच्याच वर्षी आई गेली. तिच्या आवाजाचं आमच्याकडे तेवढंच उरलं होतं.

गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या विधीच्या, आधी धुळ्याहून मामा आले. मंडपात लोकांना तिचा आवाज ऐकवायचा, असं त्यांच्या मनात होतं. भाऊ म्हणाला, दुसऱ्या कॅसेटवर उतरवून देतो. मामांना ते पटलं नाही. गेलेल्या माणसाच्या फोटोपुढे त्याची स्वतःची वस्तू ठेवायची, तिची नक्कल कशी ठेवणार? "आक्कानी कॅसेट शे. तीच ठेवसूत," आक्काची आहे, तीच ठेवू, असं म्हणून त्यांनी ती नेली आणि स्पीकरवाल्याकडे दिली.

मंडपात आधी सनई लागली. मग आई आली. "आठे ये वं... वं... वं..." विहिरीच्या तळातून बोलल्यासारखी. बायका हुंदके देऊ लागल्या. माझ्या शेजारची म्हणाली, "लेकीले बलावस ना बाई." लेकीला बोलावते आहे. हाक बकरीला होती हे मी तिला सांगितलं नाही. तिने माझा हात धरला, तिचा तळवा ओला होता, आणि परात धरून बसताना कधी आली नव्हती अशी किळस मला आली.

लोक जेवायला उठले तेव्हा भाऊ स्पीकरवाल्याकडे गेला.

"मूळचा आवाज कुठंय?"

"हाच की दादा. फार कोरडा होता, फीलिंगच नव्हती. इको टाकला, सनई टाकली. तयार करून परत तुमच्याच कॅसेटवर उतरवला. मामा म्हणाले, कॅसेट हीच पायजे."

भावाने कॅसेट काढून उलटी केली. मोडलेल्या टिकलीच्या जागी, टेप पुन्हा भरता यावी म्हणून, चिकटपट्टी होती, कडा बारीक कात्रीने नीट कापलेल्या. त्या माणसाने आपलं काम मन लावून केलं होतं, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

मामा पाठीमागे येऊन उभे होते. डोळे लाल, पण चेहऱ्यावर समाधान. "कसा रडनात बठ्ठा," ते म्हणाले. सगळे कसे रडले. भावाने कॅसेट खिशात घातली. बहीण गेलेल्या माणसाला तो काय बोलणार?

सिनेमा तसाच मुका राहिला. मामांच्या घरी दर श्राद्धाला त्या कॅसेटची नक्कल लागते. त्यांच्या नातवंडांना आईचा आवाज तसाच ठाऊक आहे, घुमणारा. मी त्या दिवशी तिकडे जात नाही.

भाऊ बरीच वर्षं ती कॅसेट मागेपुढे करत असे. इको शब्दामागून येतो, तेव्हा 'आठे'मधला पहिला 'आ' तरी स्वच्छ असणार, असं त्याचं म्हणणं. एकदा त्याने मला बसवून तो ऐकवला. 'आ' खरंच आईचा होता, फटीत बसलेल्या बाईचा. पण सनई त्याच्याही खालून चालली होती. भावाने टेप मागे घेतली आणि पुन्हा लावली. मी उठून बाहेर गेले.