डोंगर लागतो तेव्हा वस्तीवर कोणी नसतं

माझ्या वडिलांचा धारूरच्या बाजारात फळांचा गाडा होता. एरवी त्यावर केळी, पेरू, मोसंबी असं जे मिळेल ते असायचं. पण दसरा जवळ आला की गाड्यावर सीताफळाशिवाय दुसरं काही दिसायचं नाही. ही सीताफळं बागेतली नव्हती. बालाघाटाच्या उतरणीवर, दगडगोट्यांत, कोणी न लावता कोणी पाणी न घालता वाढलेल्या झाडांची होती. अब्बा ती डोंगरावरच्या एका वस्तीवरून आणत. तिथं एक नवरा-बायको राहायचे. ती दोघं आणि त्यांच्या भावकीतल्या बाया झाडांवरची फळं उतरवायच्या आणि अब्बा जीप घेऊन माल न्यायला जायचे. शाळेला सुट्टी असली की मीही जीपमध्ये चढून बसायचे. त्या दोघांना मी मामा-मामी म्हणायचे.

मामा अबोल. त्यांच्या वाटचंही बोलणं मामींनीच उरकलेलं असायचं. अब्बा एकेक फळ उलटंपालटं करून बघू लागले की मामी कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "भाई, तुमी शेरभर फळ घेता अन् मणभर बोलता." मला मात्र त्या पाखरांनी टोचलेलं फळ शोधून द्यायच्या. "हे घे. पाखराला गोडी आपल्या आदी कळती."

पहिला वणवा मी घराच्या गच्चीवरून पाहिला. मी तेव्हा शाळेत जायच्या वयाची होते. होळीच्या आसपासचे दिवस, दुपारची वेळ. अम्मीनं वाळत घातलेल्या शेवयांवर काळी राख पडायला लागली. अम्मीनं वर पाहिलं आणि "डोंगर लागला" एवढंच म्हणून चादर ओढून आत घेतली. आमच्याकडं वणवा लागला असं कोणी म्हणत नाही. डोंगर लागला म्हणतात, जसा पाऊस लागतो, ठेच लागते तसा. दूर उतरणीवर धुराची भिंत उभी होती आणि तिच्या पायथ्याला शेंदरी रेघ हळूहळू वर सरकत होती. अब्बा गाडा सोडून गेले. बाजारातले आणखी काही लोक गेले. संध्याकाळी परत आले ते तोंडं काळी करून, मोठमोठ्यानं बोलत. अब्बांची एक भुवई जळाली होती आणि ती दाखवून ते स्वतःच हसत होते. डोंगरावरच्या वस्त्यांमधली झाडून सगळी माणसं हिरवे डहाळे घेऊन धावली, रांगेनं आग झोडपली आणि अंधार पडायच्या आत विझवली, असं त्यांनी सांगितलं. त्या वयात मला वणवा म्हणजे जत्रेसारखंच काहीतरी वाटलं.

त्यानंतर जवळजवळ दरसाल डोंगर कुठं ना कुठं लागायचा. कधी गुराख्याची बिडी, कधी घाटातून जाणाऱ्या गाडीतून फेकलेलं थोटूक, कधी नवं गवत चांगलं फुटावं म्हणून कोणी मुद्दाम लावलेला. बऱ्याचदा बांध. रानातला कचरा जाळायला लोक बांधाचं गवत पेटवतात आणि वारं फिरलं की ती आग कुसळाच्या गवतात शिरते. कुसळ एकदा वाळलं की त्याला पेटायला निमित्तच लागतं.

पण पुढं पुढं विझवायला माणसं मिळेनात. दिवाळी झाली की ट्रॅक्टर यायचे आणि भांडीकुंडी, लेकरं, कोंबड्या भरून अख्ख्या वस्त्या ऊसतोडीला निघून जायच्या. मामा-मामींचा मुलगा आणि सूनही जायला लागले. मागं राहायची म्हातारी माणसं आणि बांधलेली गुरं. ऊसतोडीचा हंगाम आणि डोंगर लागायचा हंगाम एकच. एका वर्षी धारूरच्या किल्ल्याच्या अलीकडच्या दरीतली आग पलीकडच्या दरीपर्यंत गेली. तिला कोणी आडवं गेलंच नाही, ती आपली आपण थकून विझली. पुढच्या दसऱ्याला त्या बाजूच्या झाडांना फळ नव्हतं. बुंध्यापासून नवे कोंब फुटले होते, बाकी झाड म्हणजे काळी काटकी. अब्बांनी बाहेरून बागायती सीताफळं मागवली. मोठी, डोळ्यांत भरणारी फळं. ती गाड्यावर मांडताना अम्मीला म्हणाले, "गोड हाय, पण वास न्हाई."

मी अंबाजोगाईला कॉलेजात होते, खालाकडं, म्हणजे मावशीकडं, राहून शिकत होते, तेव्हा एका दुपारी अब्बांचा फोन आला. "बेटा, सरकारी दवाखान्यात जा. मामीला आणायलेत. मी मागनं येतो."

मी पोचले आणि पाठोपाठ जीप आली. मामी ओल्या गोधडीत गुंडाळलेल्या होत्या. चेहरा होता तसाच होता, म्हणून मला क्षणभर बरं वाटलं. गोधडी उघडल्यावर मी बाहेर आले. बाहेर मामा भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती. हातांवरचे केस जळून गेले होते आणि कातडी तांबडी झाली होती. तिकडं त्यांचं लक्षच नव्हतं.

काय झालं ते त्यांनी मला त्या भिंतीपाशीच सांगितलं. सकाळी त्यांनी बांध पेटवला होता. नांगरायच्या आधी दरसाल पेटवायचे तसा. पाण्याची घागर जवळ घेतली होती, वारं बघितलं होतं. बांध निम्मा जळाला आणि वावटळ आली. जळतं गवत तिनं उचललं आणि दगडी गडग्यापलीकडच्या उतरणीवर टाकलं. मामा घोंगडी घेऊन झोडपायला धावले. त्यांनी हाका मारल्या, पण वस्तीवर ऐकायला दोन आंधळ्या म्हाताऱ्यांशिवाय कोणी नव्हतं. मामी घरातून बाहेर आल्या आणि मामांकडं न येता आगीच्या वरच्या अंगाला पळाल्या, कारण तिथं उतरणीवरच्या खोपट्यात वासरू बांधलेलं होतं. आग खालून वर चढताना किती पळते, हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? त्यांनी दाव्याची गाठ सोडली. वासरू सुटलं. लुगड्यानं पेट घेतला.

"वासरू मोकळं खाली आलं," मामा म्हणाले. "मी वासराकडं बघितलं अन् म्हणलं, आता हीबी येतीच."

मामी शुद्धीवर होत्या. बोलत होत्या, हेच बघवत नव्हतं. मला म्हणाल्या, "तू कावून रडायलीस? तुझी परीक्षा हाय न्हवं?" मग हळूच जवळ बोलावलं. "कुणी इचारलं तर सांगायचं, वाटंनं जाणाऱ्यानं बिडी टाकली. मामाला ते जमायचं न्हाई. तू सांग."

दुसऱ्या दिवशी जबाब घ्यायला माणूस आला. खुर्ची ओढून बसला आणि आग कशी लागली म्हणून त्यानं विचारलं. मामींनी सावकाश, एकेक शब्द उचलत सांगितलं, "कुणाचीतरी बिडी असंल, सायेब. आमी घरात होतो." तो लिहीत होता. तेवढ्यात दारात उभे असलेले मामा आत आले.

"न्हाई सायेब. मी लावली. बांध पेटवलता."

लिहिणाऱ्यानं मान वर करून दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. मामींनी डोळे मिटले. "येडं हाय ते," त्या म्हणाल्या. "त्याचं काय लिव्हू नका." मग भिंतीकडं तोंड केलं.  मामा कॉटच्या कडेला उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

मुलगा आणि सून उसाच्या फडातून तसेच आले. हातांवर पात्यांचे ओरखडे, अंगावर उसाच्या वाळल्या पाचटाची कुसं. ते पोचले तेव्हा मामींना माणूस ओळखू येत नव्हता. सुनेनं त्यांचा पाय, तेवढा न भाजलेला, हातात धरला आणि ती धरूनच बसली. मुलानं बापाला व्हरांड्यात गाठलं.

"कावून लावलाव? घरात मान्सं न्हाईत, ठावं हुतं की तुमाला."

"दरसाल लावतो की," मामा म्हणाले.

 मला त्या वाक्याचं काय करावं ते अजून कळलेलं नाही. ते खरंच होतं. त्यांच्या बापानं लावलं होतं, आज्यानं लावलं होतं. फक्त तेव्हा आग भडकली तर झोडपायला पन्नास हात होते.

मामी गेल्या.

पुढं मामांवर केस झाली. तारखेला ते धारूरला यायचे आणि काम झालं की अब्बांच्या गाड्यापाशी पालथ्या क्रेटवर बसायचे. अब्बा सोलून केळं द्यायचे. ते हातात धरून बसायचे आणि जाताना गाड्यावर ठेवून जायचे. केसचं शेवटी काय झालं ते त्यांनी कधी नीट सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. त्या आगीत भावकीतल्या बायांचीही झाडं गेली होती. मामींसाठी रडलेल्याच बाया आता मामांशी बोलेनाशा झाल्या होत्या. त्यांची दसऱ्याची मिळकत त्या झाडांवर होती, त्यांना तरी काय म्हणणार?

मामांनी बांध पेटवायचं सोडलं. एवढ्यावर राहतं तर बरं झालं असतं. पण उन्हं तापू लागली की ते दुसऱ्यांच्या रानात जाऊन सांगायचे, पेटवू नका. हातात डहाळा घेऊन कोणाच्याही बांधाशी जाऊन उभे राहायचे. अब्बांबरोबर मी एकदा वस्तीवर गेले होते, तेव्हा शेजारच्या रानातला एक माणूस काडी ओढत होता आणि मामा त्याचा हात धरत होते. तो माणूस त्यांच्याहून कितीतरी लहान. त्यानं हात झटकला.

"सोताची बायकू जाळली अन् आमाला शिकवतो व्हय बे?"

मामांनी त्याचा हात सोडला. डहाळा सोडला नाही. तो माणूस बांध पेटवून निम्मा जाळेपर्यंत तिथंच उभे राहिले, वाऱ्याकडं तोंड करून. परतताना अब्बा वाटेत थांबले आणि चपलेतला काटा काढायच्या निमित्तानं बराच वेळ खाली वाकून राहिले.

शेवटचा मोठा वणवा अगदी अलीकडचा. मी आता अंबाजोगाईत शाळेवर शिकवते. रमजान होता म्हणून घरी आले होते. दुपारी पलीकडच्या अंगानं डोंगर लागल्याचं कळलं. अब्बा म्हातारे झालेत, दम लागतो, त्यात रोजा. अम्मीनं खूप सांगून पाहिलं, पण ते चपला घालून दारात उभे. "तो एकला हाय वरी," एवढंच म्हणत होते. मी त्यांना स्कूटीवर मागं बसवलं.

वस्तीच्या वर धुरात दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. वनखात्याची माणसं पाठीवर हवा मारायची यंत्रं घेऊन पालापाचोळा बाजूला उडवत होती. माणसं थोडी आणि आगीची रेघ लांब. त्यांच्या पुढं एकटे मामा निर्गुडीचा डहाळा घेऊन झोडपत होते. अंगात बनियन तेवढं. वनखात्याचा एक पोरगेला गार्ड ओरडून ओरडून दमला होता, "बाबा, मागं व्हा!" मामांना ऐकू जात होतं की नाही कोण जाणे. मीही एक डहाळा तोडला. आग झोडपताना खाली बघावं लागतं आणि तेव्हा दिसतं काय काय जळतं ते. कासवाच्या पाठीसारखी दिसणारी एक वस्तू मी डहाळ्यानं उलटी केली. ती तितराची मादी होती, पंख पसरून बसलेली. खाली अंडी होती.

ऊन उतरलं तसं वारं पडलं आणि आग खडकाच्या पट्ट्याशी येऊन अडली. विझवली आम्ही, असं म्हणता येणार नाही. मामा खाली आले तेव्हा त्यांचे ओठ फुटले होते. सूर्य बुडाला. अब्बा रोजा सोडायला खजूर आणायचे विसरले होते. मामांनी घरातून तांब्या आणला. अब्बांनी दुवा म्हटली आणि दोन घोट घेऊन तांब्या मामांकडं दिला. मामांनी तो तसाच हातात धरला.

"भाई, ही मी न्हाई लावली."

"कुणी म्हणलं का?"

"म्हणतेल."

आणि म्हणालेच. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात तीच बोलणी चालू होती, की त्या म्हाताऱ्यानंच लावली, डोकं फिरलंय त्याचं. अब्बा गिऱ्हाइकांशी भांडले. जन्मात कोणाशी न भांडलेला माणूस सत्तरीला आल्यावर भर बाजारात ओरडत होता, "मी हुतो तिथं! मी बघितलंय!" लोक ऐकून घेत होते, केळी पिशवीत टाकत होते आणि जात होते.

त्या उन्हाळ्यात मुलगा येऊन मामांना घेऊन गेला. तो आता तिकडंच, उसाच्या मुलखात, कोणाच्या तरी शेतावर सालगडी म्हणून कायमचा राहिला आहे. डोंगरावरच्या घराला कुलूप आहे. गेल्या दसऱ्याला अब्बा वस्तीवर गेले नाहीत. गाड्यावर बागायती फळं आहेत, तीही आता माझा भाऊ मांडतो.

मध्यंतरी मी मामांना फोन लावला. तब्येत, नातवंडं, पाऊसपाणी सगळं विचारून झालं.  फोन कटला असं वाटून मी दोनदा हाक मारली.

"हाय की," ते म्हणाले. "पोरी, हितं ऊस तुटला की पाचट पेटवत्यात. अख्खा फड एका टायमाला. रोज कुणाचा ना कुणाचा पेटलेला असतो."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करणार? दुसऱ्याचं रान. घरात जाऊन दार लावून बसतो. विझलं की नातू येऊन सांगतो."