बेटावरची पाण्याची बाटली

मंडळी, दुपारी तलावातल्या बेटावरून परतलोय, पण जीव थाऱ्यावर नाही. म्हणून तुम्हालाच विचारतो.

उमरग्याहून आत्याला पक्षी दाखवायला नेलं होतं. नावेत आम्ही दोघं आणि एक गाईड. बेटावरच्या बाभळी बगळ्यांच्या घरट्यांनी नुसत्या वाकलेल्या. गाईड म्हणाला, "जुनं गाव, देऊळ, विहीर, सगळं पाण्याखाली गेलं. हे बेट म्हणजे गावाबाहेरचा ओसाड माळ होता."

"ओसाड न्हाय रं," आत्या म्हणाली. "आमची वस्ती व्हती हितं. त्या विहिरीला आमाला हात लावू देत नव्हते. कुणी वरनं ओतलं तरच घागर भरायची. बाहत्तरच्या दुष्काळात ह्याच तलावाच्या कामावर म्या माती वाह्यली."

"मला माहीत नव्हतं, आजी," गाईड म्हणाला.

ऊन लई होतं. त्याच्याजवळचं पाणी संपलेलं. आत्यानं आपली बाटली पुढं केली. ती उंच धरून तो वरूनच पाणी प्याला.

आत्या बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तोंड लावून पी की, बाबा."

"सवय आहे, आजी," तो हसला आणि बाटली परत दिली.

माणूस चांगला होता. वरून तर आपण सगळेच पितो, मीही पितो. पण येताना नावेत आत्या ती बाटली मांडीवर धरून पाण्याकडंच बघत होती, आणि मी तेव्हापासून घरात येरझारा घालतोय.

सांगा, ती कसली सवय होती?