पन्नासावी फेरी

कारखान्यात त्यांना सगळे दशांशराव म्हणत. गृहस्थ "दहा मिनिटांत येतो" असं कधी म्हणत नसत. "साडेनऊ ते साडेदहा मिनिटं धरा" म्हणत. बायकोचं म्हणणं, लग्नाला होकारसुद्धा ह्यांनी तीनदा तपासून दिला.

अशा माणसाच्या टेबलावरचा संगणक त्या दुपारी सांगत होता : उत्तर सापडलं नाही.

चार वाजता एक नंबरच्या बॉयलरची चाचणी होती. दाब आणि तापमान दिलं की पाण्याची घनता काढणारा प्रोग्रॅम दशांशरावांनीच लिहिलेला. तो आधी एक अंदाज बांधी, चूक बघून सुधारी, पुन्हा बघी. फेऱ्यांमधला फरक नाहीसा झाला की उत्तर तयार. प्रवाहमापकाला ही घनता द्यावी लागे. ती चुकली की मापक खोटं बोलणार, पाणी कमी पडणार आणि बॉयलरच्या नळ्या जळणार.

अकरा वर्षं प्रोग्रॅमनं कधी कुरकुर केली नव्हती. आज दाब दोनशे बावीस बार, तापमान तीनशे पंच्याहत्तर अंश म्हटलं की आकडे झोपाळ्यावर बसत होते.

फोरमन दारात येऊन उभा राहिला. "देताय ना आकडा? की मी काढू बोटांवर?"

"थांब रे बाबा."

"मी थांबतो हो. बॉयलरला कोण सांगणार?"

गेल्याच आठवड्यात नव्या प्रोग्रॅमर मॅडमनी प्रोग्रॅमची साफसफाई केली होती. दशांशरावांनी त्यांना गाठलं. "यातून काय काढलंत तुम्ही?"

"एकच ओळ, सर. पन्नास फेऱ्यांत जमलं नाही तर शेवटचा आकडा गुपचूप देऊन टाक, अशी होती. कुणी लिहिली होती, देव जाणे!"

देव जाणत होता आणि दशांशरावही जाणत होते. अकरा वर्षांपूर्वी साहेबांपुढे प्रात्यक्षिकाच्या घाईत त्यांनीच ती घातली होती, तात्पुरती म्हणून. तात्पुरत्या गोष्टीइतकं चिरंजीव जगात काही नसतं.

कपाळावरचा घाम पुसत ते कामाला लागले. त्या दाबाला आणि तापमानाला पाणी धड पाणी नसतं, धड वाफ नसते. दाबात चिमूटभर फरक पडला की घनता मणभर हलते. म्हणून प्रोग्रॅम सुधारायला जाई आणि उडी मारून पलीकडे पडे. दशांशरावांनी त्याला दोन्हीकडून कुंपण घातलं : एक आकडा नक्की कमी, एक नक्की जास्त, आणि दर फेरीला मधोमध कापायचं.

"वेळ लागेल याला," मॅडम म्हणाल्या.

"लागू दे. पोचेल तरी."

एकतिसाव्या फेरीत पोचलं. दशांशरावांनी छापील कोष्टकाशी ताडून पाहिलं; जुळलं. फोरमन चिठ्ठी घेऊन पळाला.

"सुटलं की, सर! मग चेहरा असा का?"

 दशांशराव जुन्या चाचण्या एकेक करून नव्या प्रोग्रॅमला घालत होते. तीन बरोबर निघाल्या. चौथी दोन नंबरच्या बॉयलरची होती, त्याच दाबाची. तेव्हा दिलेली घनता फारच जास्त होती. म्हणजे दोन नंबरचं मापक अजून त्याच आकड्यावर पाणी वाढवून सांगत होतं. दोन नंबर एवढ्या दाबाला क्वचितच जाई. पण आज एक नंबर चाचणीला लागला की सगळा भार दोन नंबरवरच येणार होता.

त्यांनी फोरमनला फोन लावला. "दोन नंबर चढवू नकोस."

"चढतोय की! का?"

"त्याचा आकडा चुकलाय. मी दिलेला. माझ्या सहीचा."

 फोरमन मागे कुणावर तरी खेकसला, "अरे, दोन नंबर खाली घ्या! आत्ता!"

बॉयलरच्या पंख्यांची घरघर फोनमधून उतरत गेलेली ऐकू येईपर्यंत दशांशरावांनी रिसीव्हर कानापासून हलवला नाही.