यमूताईंनी वाचलेला अर्ज

दाभोळहून निघालेली आगबोट सकाळी मुंबईजवळ आली, तेव्हा समुद्र कुठे संपतो आणि शहर कुठे सुरू होते ते कळेना. धुक्यात नुसत्या गिरण्यांच्या चिमण्या तरंगत होत्या. रात्रभर बोट लागून ओकाऱ्यांनी माझा घसा पार बसला होता. खिशात आमच्या गावच्या मुलींच्या शाळेचा अर्ज होता. अशा शाळांना सरकारने मदत देऊ नये, असे कायदे कौन्सिलातले एक रावसाहेब म्हणत होते. मदत थांबली की आमच्या सतरा मुली चुलीपुढे बसणार. म्हणून त्यांनाच गाठायला आलो होतो.

लालबागेत गावचा सखाराम गिरणीत कामाला आहे, त्याच्या खोलीवर उतरलो. "मास्तर, गरिबाची पेज हाय, गोड मानून घेवा," त्याची बायको म्हणाली. तिच्या जवळ्याच्या, म्हणजे बारीक सुक्या कोळंबीच्या, चटणीने जिभेवर चव आली. आवाज मात्र आला नाही.

भायखळ्यापर्यंत चालत आणि पुढे घोड्यांच्या ट्रामीने गिरगाव गाठले. ठाकूरद्वारच्या वाडीत शिरलो आणि मुंबई एकदम निजल्यासारखी झाली. नारळीची सावली, विहिरीवरचा रहाट, कुठूनसा उदबत्तीचा वास. मी कशासाठी आलो तेच क्षणभर विसरलो.

रावसाहेब पूजा आटोपून जेवणाच्या पानाची वाट पाहत झोपाळ्यावर बसले होते. मी गुंगीतच अर्ज त्यांच्या हाती द्यायला गेलो.

"अहो, अहो! सोवळ्यात आहे मी!" ते पाय वर घेऊन ओरडले. बोटीतून आलेला कागद त्यांना शिवला असता तर पुन्हा आंघोळ करावी लागली असती. मी ओशाळलो.

तरी माणूस मोकळा निघाला. लहानपणी माधुकरी मागून शिकले, पुढे वकील झाले, हे त्यांनी आपणहून सांगितले. दारूची दुकाने बंद व्हावीत, देवळांत आणि लग्नांत सरकारने हात घालू नये, हे त्यांचे मत. "आणि मुलींनी शिकावं, पण घरी, बापाकडून. यमू माझ्याजवळच शिकली. वाचा तुमचा अर्ज."

मी वाचू लागलो, पण घशातून नुसती घरघर. रावसाहेबांना आधीच कमी ऐकू येई. ते कंटाळले. "यमे, तू वाच गं."

दाराआडून लाल अलवणातल्या यमूताई आल्या. विधवा होऊन माहेरी परतलेली त्यांची ही मुलगी फार तर विशीची असेल. कागद घेऊन त्या इतक्या स्वच्छ वाचू लागल्या की माझीच वाक्ये मला नवी वाटली. शेवटी मी 'आपला नम्र' लिहिले होते. त्याआधी त्या थांबल्या आणि नजर न उचलता म्हणाल्या, "घरी एकटीने शिकलेल्या मुलीला, वाचलेले सांगायला कुणी उरत नाही."

हे वाक्य माझे नव्हते!

"बरं लिहिलंत हे," रावसाहेब हळूच म्हणाले. "अर्ज ठेवून जा. जेवणानंतर स्वतः वाचतो."

यमूताईंचा चेहरा पांढरा पडला. ती ओळ कागदावर नव्हतीच. मी घाईने म्हणालो, "शेवटची ओळ नीट उतरलेली नाही. स्वच्छ लिहून संध्याकाळी आणतो."

सखारामच्या खोलीत बसून मी ती ओळ माझ्या हाताने अर्जात घातली. संध्याकाळी रावसाहेबांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला. मग त्या ओळीच्या शाईवर बोट ठेवले.

"अक्षर तुमचं आहे, मास्तर," ते म्हणाले. "जन्मभर साक्षी तपासल्यात मी." मग दाराकडे वळून त्यांनी हाक मारली, "यमू, हे मला का नाही गं सांगितलंस?"

आत बांगड्या वाजणे शक्यच नव्हते. कुणीतरी रडत होते एवढे कळले. मी जोडा पायात घालून निघालो.

परतीच्या बोटीत कोकणचे डोंगर दिसेपर्यंत तो हुंदका कानांत होता. पुढे वर्तमानपत्रात वाचले की कौन्सिलात लग्नांवर, देवळांवर रावसाहेब नेहमीसारखे कडाडले. मुलींच्या शाळांचा विषय निघाला तेव्हा मात्र बोलायला उठलेच नाहीत. मदत टिकली. आमच्या सतरा मुली रोज येतात, वर्गात वाचतात आणि वाचलेले एकमेकींना सांगत घरी जातात. यमूताई कुणाला सांगतात, ते मला अजून कळलेले नाही.