आधी चहा, मग रेडिएटर

लीलावती गायकवाडांच्या घरी आलेला माणूस उभ्या उभ्या परत गेला, असं कॉव्हेंट्रीत कुणी सांगू शकणार नाही. मीटर वाचायला आलेली मुलगी असो, पार्सलवाला असो, नाहीतर चुकून बेल दाबलेला शेजारी असो. आधी खुर्ची, मग चांगल्या कपातला चहा, आणि कामाचं बोलणं त्यानंतर. लोक म्हणत, बाईंचा स्वभावच तसा. पण तो नुसता स्वभाव नव्हता. लीलावतीबाईंचे वडील मनमाडकडच्या एका खेड्यात मजुरीला जात. तिथे त्यांना चहा मिळे, पण ओट्याखाली बसून, आणि पिऊन झाल्यावर कप आपणच विसळून वळचणीला खोचून ठेवायचा. छोट्या लीलाने हे एकदाच पाहिलं होतं. तेवढं पुरे झालं. इंग्लंडात आल्यावर, शाळेच्या किचनमध्ये आयुष्य घालवून स्वतःचं बिऱ्हाड उभं केल्यावर, त्यांनी नियमच केला होता. आपल्या दारातून आत येईल तो टेबलाशी बसेल.

विलासरावांना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, या नियमाचा अभिमान होता. गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला हा उंच, थट्टेखोर माणूस पाहुण्यांसमोर म्हणायचा, "आमच्याकडे चोर आला तरी बिस्किट खाऊन जाईल!" मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं जडावलं. हळूहळू चालायला लागले, पण एक गोष्ट मागे राहिली. अचानक आवाज झाला की ते नखशिखांत दचकायचे. छाती धडधडायची, हातातला चमचा पडायचा, आणि मग तासभर कशातच लक्ष लागायचं नाही.

आणि त्यांच्या बेडरूममधला रेडिएटर वाजत होता.

घरं गरम ठेवायला सबंध बिल्डिंगला मिळून एकच बॉयलर, तळघरात. तो कधी चालू व्हायचा हे हाउसिंगच्या ऑफिसात ठरलेलं: एकदा पहाटे आणि एकदा दुपारी चारला. गरम पाणी पाइपात शिरलं की आधी टक, टक, टक. बोटाने दारावर वाजवावं तसं. मग एकदम ठाण! कुणीतरी भिंतीतून हातोडा घातल्यासारखं. पाच-दहा मिनिटं हा धिंगाणा चालायचा, आणि रेडिएटर पुरता तापला की गप्प. मग दिवसभर कसा, अगदी शहाण्या मुलासारखा.

लीलावतीबाईंनी जमतील ते सगळे उपाय केले. छोट्या किल्लीने रेडिएटरात अडकलेली हवा काढली. मागे जुन्या टॉवेलच्या घड्या कोंबल्या. व्हॉल्व्ह बंद करून पाहिला, तर आवाज तसाच राहिला आणि खोलीचा बर्फ झाला. पलंग बाहेरच्या खोलीत हलवला, तर तोच पाइप त्या भिंतीतूनही जात होता. विलासराव पहाटे दचकून उठायचे ते उठायचेच, आणि दुपारी डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा ठाण.

मिल्टन कीन्सहून मुलीचा, तनिषाचा, रोज फोन. "आई, झोप नाही तर रिकव्हरी नाही. डॉक्टर पण तेच बोलली. तो आवाज थांबव, नाहीतर मी बाबांना इकडे आणते. आय मीन इट."

"ते येणार नाहीत गं. मुलीच्या घरी चार दिवस पाहुणा म्हणून बरं वाटतं त्यांना."

"मग थांबव ना आवाज!"

विलासरावांचं सगळं जग इथे होतं. रविवारचं विहार, कारखान्यातले जुने दोस्त, लिफ्टमध्ये "जय भीम, अंकल" म्हणणारा खालच्या मजल्यावरचा कबीर. लीलावतीबाईंनी ऑफिसला फोनवर फोन केले. व्हिडिओ काढून पाठवला. ऑफिसने सांगितलं, आमच्या इंजिनिअरने स्वतः ऐकला पाहिजे. दुपारची वेळ दिली, चारच्या आधीची. याहून चांगली वेळ कोणती?

इंजिनिअरचं नाव गॅरेथ. गायकवाड म्हणता येईना म्हणून त्याने त्यांना "मिसेस जी" करून टाकलं. पहिल्या खेपेला चहा आणि पोहे झाले. दुसऱ्या खेपेला चहा आणि नानकटाई, आणि त्याच्या आईच्या गुडघ्यांची सगळी हकीकत. दोन्ही वेळा तो बेडरूममध्ये गेला तेव्हा रेडिएटर गरम आणि मुका. चार वाजून गेलेत हे लीलावतीबाईंना कळत नव्हतं असं नाही. पण त्यांचा एक हिशेब होता. माणूस खूष झाला की काम मनापासून करतो. शाळेच्या किचनमध्ये त्यांनी फ्रीजवाल्यापासून सगळ्यांना असंच आपलंसं केलं होतं.

तिसऱ्या खेपेच्या आदल्या दिवशी तनिषा ओरडली. "या वेळी चहा नाही द्यायची! डोअर उघड आणि त्याला स्ट्रेट बेडरूममध्ये ने."

"बरं बाई."

"प्रॉमिस?"

"अगं हो, प्रॉमिस."

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर गॅरेथ चिंब भिजलेला. बाहेर पाऊस आणि बर्फ मिसळून पडत होतं. बोटं लालबुंद, नाक लालबुंद. तो आपणहून बूट काढत म्हणाला, "आज आधी तुमचा रेडिएटरच बघू, मिसेस जी. नंतर तुमचा चहा."

आणि लीलावतीबाईंच्या तोंडून निघून गेलं, "दोन मिनिटं बस, बाळा. हात तरी शेकून घे."

कांदाभजीचं पीठ भिजवलेलंच होतं. प्रॉमिस केलं होतं तरी भिजवलं होतं, काम झाल्यावर द्यायची म्हणून. तेल तापलं. तळणीच्या धुराने अलार्म बोंबलू नये म्हणून त्यांनी रोजच्या सवयीने किचनचं दार लावून घेतलं, वरचा फॅन फुल्ल केला. गॅरेथने पहिलं भजं तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "माझ्या बायकोला सांगू नका हं, पण मी इथे राहायला येतोय."

लीलावतीबाई मनापासून हसल्या. कितीतरी दिवसांनी.

ते बेडरूममध्ये गेले तेव्हा विलासराव पलंगाच्या कडेला बसले होते. कपाळावर घाम. चांगला हात गादीत रुतवलेला.

"आत्ता वाजला," ते म्हणाले. "आत्ताच. लीला, आत्ताच."

गॅरेथने रेडिएटरवर हात ठेवला, पाइपावरून बोटं फिरवली, कान लावला. बिचारा बराच वेळ थांबला. शेवटी म्हणाला, "मला काही ऐकू येत नाही, मिसेस जी. मी खोटं तर नाही लिहू शकत."

त्यानंतर ऑफिसने तक्रार बंद केली. पुढच्याच शनिवारी तनिषा गाडी घेऊन आली. "फक्त हिवाळाभर, बाबा," ती म्हणाली. लिफ्टपर्यंत जाताना विलासरावांनी भिंतीला हात लावून धरला होता. तनिषाच्या घरी खालच्या मजल्यावर एकच छोटी खोली, एकच पलंग. लीलावतीबाई शनिवार-रविवार जाऊन येऊ लागल्या. त्यांचं म्हणणं, कुणीतरी इथे राहून आवाजाचा पिच्छा पुरवला पाहिजे, म्हणजे यांना परत आणता येईल.

फेब्रुवारीत एकदा कबीर लिफ्टमध्ये भेटला. हॉस्पिटलात नर्स होता, नेहमी घाईत. "आंटी, तुमची आवाज बंद झाली ना? माझी पण झाली!"

"कसा काय?"

"तो गॅरेथ आला होता. मी त्याला बूट पण नाही काढू दिला. डायरेक्ट पाइपपाशी उभा केला आणि बोललो, वेट. चार वाजले, ठाण! बस. फ्लोअरखाली पाइप लाकडाला घासत होती. त्याने मध्ये काहीतरी सॉफ्ट घातला. तुमच्या आणि माझ्या फ्लॅटला एकच पाइप आहे ना. अर्ध्या तासाचं काम."

लिफ्टचं दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. कबीर केव्हाच निघून गेला होता.

दुपारी चारला लीलावतीबाई बेडरूममध्ये जाऊन उभ्या राहिल्या. रेडिएटर निवांत तापला. एक टिचकीसुद्धा नाही. आनंद व्हायला हवा होता. झालाही, घटकाभर. मग वाटलं, बूटसुद्धा काढू दिले नाहीत त्या पोराने. आणि त्याच गॅरेथने काम केलं, तितकंच मन लावून.

शनिवारी त्या मिल्टन कीन्सला निघाल्या त्या विलासरावांचा जाड कोट पिशवीत घेऊनच. परतीच्या प्रवासाला लागेल म्हणून.

विलासराव झोपले होते. भर दुपारी, तोंड किंचित उघडं, अगदी गाढ. "उठवू नको, आई," तनिषा कुजबुजली. "रोज दोन तास झोपतात." चेहरा भरला होता. हनुवटीखालची ती ओढलेली रेघ गेली होती. लीलावतीबाई खुर्चीत बसून राहिल्या. एवढ्या शांत झोपलेल्या नवऱ्याकडे त्यांनी कितीतरी महिन्यांत पाहिलं नव्हतं.

विलासरावांनी डोळे उघडले तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो, आवाज बंद झाला. चला आता घरी."

"खरंच?" अर्ध्या ओठांनी ते हसले.

मग सगळं सांगितलं. कबीर, पाइप, लाकूड. विलासरावांनी नीट ऐकून घेतलं. मग खिडकीकडे पाहत म्हणाले, "बंद झाला असेल गं. पण मी तिथे आडवा झालो की वाट बघत राहीन. न वाजता सुद्धा जागा राहीन."

"सवय मोडेल हो."

"मोडेलही." थोडं थांबून, काही अपराध केल्यासारखं ते म्हणाले, "इथे झोप लागते, लीला."

लीलावतीबाईंनी त्यांचं पांघरूण सारखं केलं. मग विलासरावांनीच पुन्हा विषय काढला. "त्या दिवशी मी तुला हाक मारली होती. वाजला तेव्हा."

"ऐकू आली नाही हो मला."

"माहीत आहे. दार लावलेलं होतं." आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तेच लीलावतीबाईंना सोसवेना. चिडले असते तर भांडता आलं असतं. आता भांडायला कुणी समोरच नव्हतं.

तनिषा दारात आली. "मग, आई? बाबांचं काय ठरलं? इथल्या डॉक्टरला, जीपीला सांगायला लागेल ना, इथेच रजिस्टर करायचं तर."

विलासरावांनी बायकोकडे पाहिलं. काही मागितलं नाही, काही सुचवलंही नाही. नुसतं पाहिलं.

"सांग त्यांना, इथेच करा म्हणून," लीलावतीबाई म्हणाल्या. पिशवीतला कोट त्यांनी बाहेर काढला, खांद्याच्या शिवणी सारख्या केल्या, आणि खोलीच्या दारामागे हुक होता त्याला अडकवला.